पायातली एकोणचाळीस जाती

घोटणवाडीच्या प्रेस्बिटेरियन मंडळीची नवी इमारत पाहायला आलेले लोक आधी कोनशिला शोधतात. ती नाही. आमदारांचं नाव नाही, देणगीदारांचं नाही, पाळकांचंही नाही. मंडळीचे वडील, म्हणजे निवडून दिलेले कारभारी, रूबेन आवळे हसतात. "आमचं काय असंल ते खाली हाय, पाव्हणं," म्हणतात आणि सांगू लागतात.

शंभरेक वर्षांपूर्वी इथे पहिल्या चर्चचा पाया नुसता खणून पडला होता. गावच्या खाणीतून या ख्रिस्ती लोकांना दगड मिळत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे मंडळीत दोन जातींची माणसं होती आणि प्रभुभोजनालाही, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेतानाही, ती दोन चटयांवर बसत. प्याले दोन. देव मात्र एक, असं तोंडाने म्हणत.

गोऱ्या पाळकसाहेबाला हे सहन होईना. त्याला मराठी येई, पण लिंगाचा कायमचा घोळ. एका रविवारी त्या खणलेल्या पायाच्या कडेला भरलेल्या उपासनेत तो गरजला, "तुमचं जात घरात ठेवू नका! पुढच्या रविवारी इथं आणून टाका!"

सगळ्यांना कळलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

राहीबाई मागे बसायची, कानाने अधू. मिशनच्या वसतिगृहाचं दळण दळून ती एकटी पोट भरायची. तिने ऐकलं 'जातं'. पायाला दगड नाहीत म्हणून देव जातं मागतोय, असं तिला वाटलं. आठवडाभर तिला घास गेला नाही म्हणे. जातं दिलं तर खायचं काय? आणि मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

रविवारी ती दोन खेपा करून जात्याच्या दोन्ही तळ्या, वरचा आणि खालचा दगड, डोक्यावरून घेऊन आली. लोक खो खो हसले.

"अगं बये, साहेब जात म्हणला, जात! जातं न्हवं!" पुढे बसलेले शलमोनदाजी ओरडले.

घाम पुसत ती म्हणाली, "मला कमी ऐकू येतंय, दाजी. तुमास्नी तर नीट ऐकू आलं न्हवं? मग तुमी काय आणलासा?"

तिने पायात उतरून तळ्या ठेवल्या. मग दुसऱ्या चटईवरची एक बाई उठली, घरी गेली आणि आपलं जातं घेऊन आली. मग दाजींची बायको उठली. दिवस कलायच्या आत एकोणचाळीस जाती पायात बसली, असं सांगतात.

आता साऱ्या मंडळीत जातं उरलं एकच, मिशनच्या बंगल्यातलं. दोन्ही जातींच्या बाया समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालून दळू लागल्या. राहीबाईसाठी प्रत्येक घर ओंजळभर पीठ काढून ठेवी. पुढच्या प्रभुभोजनाची भाकर त्याच पिठाची होती आणि चटई एकच होती. भाकर मोडताना जमिनीखालून घरघर ऐकू आली म्हणे.

दोन वर्षांपूर्वी जुनी इमारत उतरवली. इंजिनिअरने पाया उपसायला यंत्र लावलं. सगळ्यात तळचं जातं तसूभर हललं नाही. मग त्याच पायावर नव्या भिंती उभ्या राहिल्या.

आजही बाहेरचं कुणी जात विचारतं. घोटणवाडीची माणसं चिडत नाहीत. "पायात घातली," म्हणतात, आणि सरकून बसायला जागा देतात.