धनेशाच्या चोचीतलं उंबर

रानाने राजा नको म्हटलं आणि अध्यक्ष निवडला, त्या काळातली ही गोष्ट. अध्यक्ष हत्तीणबाईंच्या दारावर चिन्ह कोरलं होतं: चोचीत उंबर धरलेला धनेश पक्षी.

एकदा खराखुरा धनेश उंबर घेऊन तिथून चालला होता. पहाऱ्यावरच्या रानडुकराने त्याला दाराशीच उभं केलं. “हलू नका साहेब. तुम्ही रानाची शान.”

येणारे-जाणारे वाकून नमस्कार करू लागले. धनेश पार गोंधळला. आपल्यालाच का निवडलं? कोल्हा म्हणे, बाकदार चोचीमुळे. मोर म्हणे, छे, रुंद पंखांमुळे. विचारायला तोंड उघडावं, तर उंबर पडणार.

दुपार कलली तेव्हा म्हातारी घोरपड आली. चिन्ह ठरलं त्या सभेत ती होती.

“अरे, ढोलीचं तोंड लिंपून आत बसलेल्या बायको-पिल्लांना तू फटीतून भरवतोस, म्हणून तुला निवडलं. मग इथे काय करतोस?”

धनेश उडाला. “साहेब, चिन्हाचा अपमान होतोय,” रानडुक्कर मागून ओरडत राहिलं.

ढोलीच्या फटीतून बायकोची चोच बाहेर आली. तिने उंबर आत घेतलं.

“एवढा उशीर?”

“मला मान देत होते,” धनेश म्हणाला.

“बरं. पिल्लं अजून उपाशी आहेत. दुसरं आणा.”