बंद पडलेली गाडी

“एवढी भारी गाडी, बुवा. नवी कोरी. तरी ऐन वेळी मान का टाकते?”

सर्जेराव पाटणकर धापा टाकत मठाच्या ओट्यावर टेकले. गाडीवर भरवसा नव्हता, म्हणून ती पायथ्याशी लावून डोंगर चढून आले होते.

अमृतबुवा शेंगा सोलत होते. त्यांनी तांब्या पुढे सरकवला.

“भर रस्त्यात बंद पडते. वर्कशॉपवाले म्हणतात, कॉम्प्युटरवर सगळं ठीक दिसतं. लोक हसतात, बुवा.”

“गाडी खराबच आहे. कंपनीशी भांड. बदलून घे.”

सर्जेराव गोंधळले. “मोह सोड, असं नाही सांगणार?”

“मोहाचं मागाहून बघू. उद्या घाटात बंद पडली तर?”

बुवा पुन्हा शेंगा सोलू लागले.

“पण एवढ्यासाठी तू डोंगर चढला नाहीस, सर्जा.”

“मृणालच्या पाठवणीला दगा दिला तिनं,” सर्जेराव खालच्या आवाजात म्हणाले. “लेक माझ्याच गाडीतून सासरी जाईल, हा माझा हट्ट. कार्यालयाच्या दारातून निघाली अन् वळणावर बंद. व्याह्यांच्या देखत गावानं ढकलली. मीही फेटा सावरत हात लावला.”

“पोरगी रडत होती?”

“आधी रडत होती. मग खाली उतरली. शालूचा पदर खोचला अन् माझ्या शेजारी येऊन ढकलायला लागली. म्हणाली, आबा, तुम्ही दमलात, जरा थांबा. मी म्हटलं, तू थांब…”

सर्जेराव हसले. लग्नानंतर प्रथमच त्या दिवसाचं त्यांना हसू आलं.

“हसत होती हो. लहानपणी हसायची तशी.”

“मग?”

“मग काय. इंजिन धरलं. सगळे ओरडले, बसा बसा. घाईघाईनं बसवली तिला. गाडी गेली.”

“तेव्हा कसं वाटलं?”

‘बरं वाटलं’ म्हणायला सर्जेरावांनी तोंड उघडलं. पण खांद्यावरचा टॉवेल त्यांनी डोळ्यांना लावला आणि तो तसाच धरून ठेवला.

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. ते सरकत सर्जेरावांच्या शेजारी येऊन बसले.

“बंद पडते, त्याची तक्रार कंपनीकडे कर,” ते म्हणाले. “सुरू झाली, त्याची इथं बसून कर.”