कुलपात अडकलेली पाटी

तानूकडे पाटी नव्हती. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, तिला पाटी परवडायची नाही. पण तानूचं काही अडत नव्हतं. शाळेच्या मैदानात मऊ, तांबूस माती होती. बाई कडुलिंबाखाली वर्ग भरवायच्या. चिंचोके मांडून बेरीज, लंगडी घालत पाढे, आणि बोटानं मातीत अक्षरं!

एके दिवशी मोठ्या गुरुजींनी मैदानाच्या फाटकाला कुलूप ठोकलं. सुंदर शाळेच्या स्पर्धेचे पाहुणे यायचे होते. फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, रंगीत कुंड्या मांडल्या. पोरांनी आत पाऊल टाकायचं नाही!

"तुझी पाटी कुठंय गं?" वर्गात येऊन गुरुजी खेकसले.

"कुलपात आहे, गुरुजी."

सगळी पोरं हसली, आणि गुरुजींनी तानूला कोपऱ्यात उभं केलं. हा कुठला न्याय? मैदान काय नुसतं बघायचं असतं?

मधल्या सुट्टीत ती मैदानाच्या कुंपणाच्या तारेपाशी गेली. कुंडीतल्या अबोलीनं मान टाकली होती. शोभेला आणली, पण तिला कुणी घोटभर पाणी पाजलं नव्हतं.

"तुझेही हालच की गं," म्हणत तानूनं आपल्या बाटलीतलं सगळं पाणी तिला घातलं.

फूल थरथरलं. आतून इवलीशी परी निघाली. पंख केशरी, पायांत दवाचे पैंजण.

"एक इच्छा माग, सोनुले. पण स्वतःपुरती नको, कुणाच्या वाइटाची नको. आणि मनातल्या मनात नाही मागायची. ज्यानं कुलूप लावलं, त्याच्यासमोर मोठ्यानं मागायची."

"गुरुजींसमोर? नको गं बाई! मला नुसती पाटी दे ना."

"आणि बाकीची पोरं?" परीनं हळूच विचारलं.

तानूनं कुलपाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तानू त्यांच्यामधून वाट काढत गुरुजींसमोर उभी राहिली.

"गुरुजी, मैदान उघडं होऊ दे! सगळ्यांसाठी! ते शोभेचं नाही, आमचं आहे!"

"गप बस, कार्टे!"

पण कुलूप खळकन फुटलं आणि त्याची फुलपाखरं झाली, निळी, पिवळी, चंदेरी! पोरं आत धावली. फक्की उधळली. तानू मातीत बसली आणि तिनं बोटानं लिहिलं, 'आमची शाळा'. अक्षरं सोन्यासारखी झळकली.

गुरुजी वाकले. वाचलं.

"पाटी का नाही, हे मी विचारलंच नाही, पोरी."

अबोलीवर बसलेली परी हसली. लख्ख केशरी उजेड झाला, आणि त्यात ती विरून गेली.

त्या फाटकाला आज नुसती कडी आहे. तीही पोरांच्या हाताला पुरेल एवढ्या उंचीवर.