नाव विचारणारा धनुर्धर

पूर्वी त्रेतायुगात, जेव्हा धान्य अजून न नांगरता उगवत असे, पण माणसांनी भूमीत सीमेचे दगड रोवायला आरंभ केला होता, त्या काळी श्यामोदा नदीच्या दक्षिण तीरावर वैदूर्यनगरी नावाची राजधानी होती. तेथे रुक्मकेतू नावाचा राजा राज्य करीत असे. शंभर यज्ञांच्या धुराने त्याच्या प्रासादाची शिखरे काळवंडली होती, आणि त्याचा शब्द वेदवाक्याप्रमाणे अटळ मानला जाई. नदीच्या उत्तर तीरावर दितीच्या वंशातले दैत्य सालवृक्षांच्या अरण्यात आपली खिल्लारे राखून राहत. दोन्ही तीरांच्या मधोमध एक हिरवेगार बेट होते. त्या बेटावरचे गवत कोणाच्या गाईंनी खावे, एवढ्यावरून बारा वर्षे युद्ध चालले होते.

त्या राज्यात एक प्राचीन आचार होता. युद्धात ज्याच्या हातून जो मरेल, त्याला त्यानेच नामगोत्र उच्चारून तिलांजली द्यावी आणि मगच आपल्या घराचा उंबरठा ओलांडावा. पूर्वीचे योद्धे समोरासमोर येत, आपले नाव आणि गोत्र सांगत, मग शस्त्र उचलीत. त्यामुळे कोण कोणाच्या हातून गेला हे मारणाऱ्याला ठाऊक असे. पुढे सैन्ये वाढली, धनुष्ये लांब झाली, आणि नाव सांगण्याइतके जवळ कोणी येईनासे झाले. आचार मात्र राहिला. युद्ध संपले की सैनिक घाईघाईने नदीत उतरत, पुरोहित सर्वांच्या वतीने एकच मंत्र म्हणे, एक ओंजळ पाणी सोडले जाई, आणि जो तो घरी जेवायला जाई.

रुक्मकेतूच्या सैन्यात उदर्क नावाचा एक धनुर्धर होता. तो मितभाषी होता आणि त्याचा नेम कधी चुकत नसे. बाराव्या वर्षीच्या युद्धानंतर तोही इतरांसारखा नदीत उतरला, त्याने तीळ घेतले, ओंजळ सोडली. परंतु त्याने सोडलेले तीळ प्रवाहाबरोबर वाहून गेले नाहीत. ते उलट दिशेने पोहत आले आणि त्याच्या पोटऱ्यांना मुंग्यांप्रमाणे चिकटले. त्याने पुन्हा ओंजळ सोडली. पुन्हा तेच घडले. तो भयभीत झाला आणि ओल्या वस्त्रानिशी महर्षी पर्णाशनांच्या आश्रमाकडे गेला.

तो आश्रम नदीच्या वळणावर होता. तेथे हरिणी अग्निशाळेच्या दारात रवंथ करीत बसत आणि वृक्षांवर वल्कले वाळत असत. केवळ गळून पडलेली पाने खाऊन राहणाऱ्या त्या वृद्ध मुनींनी उदर्काच्या पायांकडे पाहिले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"वत्सा, पाणी कोणाला दिलेस?" मुनींनी विचारले.

"मी मारलेल्यांना, भगवन्."

"त्यांची नावे?"

"ती मला ठाऊक नाहीत. दुरून केवळ त्यांची शिरस्त्राणे दिसत होती."

"मग पाण्याने जावे कोणाकडे?" मुनी म्हणाले. "बारा वर्षांत तुझ्या बाणांनी जे पडले ते सारे त्या तीरावर तहानलेले उभे आहेत. तू हाक मारल्यावाचून त्यांना पुढे जाता येत नाही, आणि तुला हाक मारता येत नाही. मला त्यावर उपाय माहीत नाही."

मग उदर्काने मुनींच्या समोर अग्नीला साक्षी ठेवून प्रतिज्ञा केली, "ज्याचे नाव आणि गोत्र मी त्याच्याच मुखातून ऐकलेले नाही, त्याच्यावर मी बाण सोडणार नाही."

पुढच्याच पौर्णिमेला युद्ध पुन्हा पेटले. ज्या उतारावर श्यामोदेचे पाणी गुडघाभर असे, तेथे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. सेनापती होता राजाचा एकुलता एक पुत्र, युवराज ऋतुवर्मा. शंख वाजले, धनुष्ये ताणली गेली. तेव्हा पहिल्या रांगेतून उदर्क पाण्यात चार पावले पुढे गेला. त्याने धनुष्य खाली धरले होते.

"समोरच्या वीरा," तो ओरडला, "तुझे नाव काय?"

दैत्यांच्या रांगेत एक उंच तरुण उभा होता. तो आश्चर्याने पाहतच राहिला, मग मोठ्याने हसला. "का रे बाबा? घरी लग्नाची बहीण आहे वाटते तुझ्या!"

दोन्ही तीरांवर हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "विचार, विचार! पत्रिकाही मागून घे!"

उदर्क हसला नाही. "मी उदर्क. माझे नाव मी सांगितले. आता तू सांग."

तरुणाचे हसू ओसरले. त्याच्या आजोबांच्या काळी असे विचारीत, हे त्याने ऐकले होते. "मी शंबल," तो म्हणाला, "धनुर्धर विरोहणाचा पुत्र. आम्ही दितीचे वंशज, कश्यप प्रजापतीची प्रजा. गोत्र काश्यप."

"माझेही काश्यपच," उदर्क म्हणाला.

"मग आपली सोयरीक जमायची नाही!" शंबल म्हणाला, आणि यावेळी उदर्कालाही हसू आले.

त्याच क्षणी युवराजाचा भाला उदर्काच्या खांद्यावरून सळसळत गेला आणि शंबलाच्या उघड्या मुखात शिरला.

मग युद्ध झाले. बाणांनी आकाश झाकले, हत्तींनी नदीचा गाळ वर काढला, पाणी लाल झाले. त्या गदारोळात उदर्क गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्याने ओंजळ भरली, "शंबल, काश्यप गोत्र" असे उच्चारले, आणि पाणी सोडले. ते पाणी प्रवाहात मिसळून निघून गेले. नंतर त्याने आपले धनुष्य तीरावर ठेवले आणि तो त्याच्याकडे पाठ करून बसला.

संध्याकाळी त्याला बांधून राजसभेत आणले. सिंहासनावरून रुक्मकेतू गर्जला, "हे भ्याडा! बारा वर्षे ज्या राजाचे अन्न खाल्लेस, त्याच्या शत्रूसमोर धनुष्य टाकताना तुझा हात गळून कसा पडला नाही?"

"महाराज," उदर्क म्हणाला, "मला मरणाचे भय नाही. मला सर्वांच्या पुढे नि:शस्त्र उभे करा. परंतु मी शस्त्र उचलू शकत नाही. जो मेला तो माझा सगोत्र होता. मला सूतक आहे."

सभेत कुजबुज झाली. राजाने पुरोहिताकडे पाहिले. पुरोहिताने उपरणे सारखे केले, घसा खाकरला आणि तो म्हणाला, "महाराज, शास्त्र तसे आहे खरे. सूतकात शस्त्र वर्ज्य आहे."

"आणि ते फिटल्यावर?" राजाने विचारले.

"ते फिटणार नाही, महाराज," उदर्क म्हणाला. "समोरचे सारेच कश्यपाचे आहेत. रोज कोणीतरी मरेल, आणि रोज मला नवे सूतक लागेल."

हे ऐकताच सभेतल्या काही सैनिकांनी आपापल्या हातांकडे पाहिले. राजाला ते दिसले. एका माणसाचे सूतक साऱ्या सैन्याला लागेल हे त्याने जाणले आणि तो अत्यंत शांत झाला. त्याने सुवर्णपात्रातले पाणी हातात घेतले.

"सूतक गोत्राचे असते," राजा म्हणाला. "ज्याला गोत्रच नाही, त्याला सूतक कुठले? या अभिषिक्त हाताने मी तुझे गोत्र काढून घेतो, तुझे नावही काढून घेतो. माझ्या राज्यात ते कोणाच्याही मुखी उरणार नाही. आता तुला कोणी सगोत्र नाही. ऊठ, आणि धनुष्य उचल!"

राजाने पाणी भूमीवर टाकले. त्या युगात राजाची वाणी व्यर्थ जात नसे. सभेच्या दारात उभ्या असलेल्या त्या धनुर्धराच्या आईने मुलाला हाक मारण्यासाठी तोंड उघडले, आणि तिला शब्द सापडेना. तिने तीनदा ओठ हलवले. मग तिने पदर तोंडात कोंबला.

तो मात्र तसाच उभा राहिला. स्वतःचे नाव त्यालाही आठवत नव्हते. "महाराज," तो हळूच म्हणाला, "माझे नाव आपण घेतलेत. शंबलाचे नाव मला ठाऊक आहे. ते कसे काढून घ्याल?"

दुसऱ्या दिवशी युवराजाच्या आज्ञेने त्या धनुर्धराला पहिल्या रथाच्या ध्वजदंडाला बांधण्यात आले, आणि सैन्य नदी ओलांडून उत्तर तीरावर चढले. आता एक भयंकर गोष्ट घडली. दैत्यांनी त्याला ओळखले. ज्याने आपल्या वीराला नाव विचारले आणि पाणी दिले तो हाच, हे जाणून त्यांनी त्या रथावर बाण सोडले नाहीत. ऋतुवर्म्याच्या ते ध्यानात आले. त्याने साऱ्या सैन्याला त्या रथाच्या आडोशाने पुढे घेतले, आणि धनुष्ये खाली धरून उभे असलेले दैत्य गवतासारखे कापले जाऊ लागले.

ध्वजाला बांधलेल्या माणसाने हे पाहिले. ज्याने शस्त्र टाकले होते, त्याच्याच देहाचे शस्त्र झाले होते. नदीबरोबर राज्याची सीमा मागे राहिली होती, म्हणून त्याचे नाव त्याच्या जिभेवर परत आले होते. तो सर्व शक्तीनिशी ओरडला, "बाण सोडा! माझ्यावर सोडा! मी उदर्क, गोत्र काश्यप! नाव ऐका आणि सोडा!"

दैत्यांच्या रांगेतून एक वृद्ध पुढे आला. तो शंबलाचा पिता विरोहण होता. त्याने धनुष्य उचलले.

"ऐकले, लेकरा," तो म्हणाला. "माझे नाव विरोहण. तुझे पाणी माझ्याकडे."

"बरे झाले, काका," उदर्क म्हणाला.

बाण त्याच्या हृदयात शिरला. त्यानंतर दैत्य त्वेषाने लढले. सूर्यास्तापूर्वी ऋतुवर्मा पडला, अर्धे सैन्य पडले, बेटावरचे गवत जळून गेले, आणि कोणीही जिंकले नाही.

दहाव्या दिवशी राजा रुक्मकेतू पुत्राला तिलांजली देण्यासाठी नदीत उतरला. त्याने ओंजळ भरली, पुत्राचे नाव घेतले, हात वाकवले. पाणी पडले नाही. त्याने ओंजळ उलटी केली, हात झटकले, तरी ते मेणासारखे तळव्यांना चिकटून राहिले. तेवढ्यात दक्षिणेकडून ढगासारखा काळा महिष पाणी न हलवता चालत आला. त्याच्यावर रक्तवस्त्र परिधान केलेला, दंडधारी यमधर्म बसला होता.

"राजन्," यमधर्म म्हणाला, "तुझा पुत्र तहानलेला आहे. परंतु ज्या हाताने एका माणसाचे नामगोत्र पुसले, त्या हाताचे पाणी मी नेत नाही. आधी त्या माणसाला नाव घेऊन पाणी दे."

"त्याचे नाव... " राजा म्हणाला, आणि थांबला. त्याने अमात्यांकडे, पुरोहिताकडे, सैनिकांकडे पाहिले. सर्वांनी माना खाली घातल्या. धनुर्धराची आई तीरावर बसली होती. राजाने तिच्याकडे पाहिले. तिने नुसती मान हलवली.

"देवा, मी माझा शाप मागे घेतो!"

"टाकलेले पाणी कसे परत घेशील?" यमधर्म म्हणाला. "ते नाव उत्तर तीरावर आहे. जा, विचार." आणि तो अंतर्धान पावला.

राजाने मुकुट काढला आणि भरलेली ओंजळ तशीच धरून तो उतारातून निघाला. समोरच्या तीरावर विरोहण पाण्यात उभा होता. तो नुकतेच पाणी देऊन उभा राहिला होता. राजा प्रवाहाच्या मध्यावर पोहोचला.

"वृद्धा," राजा म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच त्याचा आवाज याचकाचा झाला, "तुझ्या बाणाने जो मेला त्याचे नाव मला सांग. माझे पोर तहानलेले आहे."

विरोहणाने राजाच्या भरलेल्या ओंजळीकडे पाहिले. "सांगतो," तो म्हणाला. "मी ते रोज घेतो. आधी तू एवढेच सांग. तुझ्या पोराने याच पाण्यात, बोलता बोलता माझे पोर मारले. त्या पोराचे नाव काय?"

ते नाव भरसभेत राजासमोर उच्चारले गेले होते. ते काढून घ्यावे असा शाप कोणी दिला नव्हता. राजाने ते ऐकले होते, पण लक्षात ठेवले नव्हते. त्याने ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. तीरावर विरोहण वाट पाहत उभा राहिला. ऊन उतरले तरी तो उभा होता. मग त्याने वस्त्र पिळले आणि तो अरण्यात निघून गेला.

राजा तेथून हलला नाही. प्रथम त्याचे पाय थंड पडले, मग कंबर, मग खांदे, आणि सातव्या दिवशी तेथे केवळ एक काळा खडक उरला. श्यामोदेच्या त्या उतारावर तो खडक अजून आहे. त्याचा माथा ओंजळीसारखा खोलगट आहे. त्या खोलगटातले पाणी ग्रीष्मात आटत नाही आणि महापुरातही सांडत नाही. तेव्हापासून दोन्ही तीरांवरचे कोणतेही राजकुल राज्याभिषेकासाठी सर्व नद्यांचे जल आणते, पण श्यामोदेचे आणत नाही.