भाजीचा पहिला घास

जहागीरदार रंगरावांची सहा वर्षांची लेक दिवसेंदिवस वाळत चालली होती. वैद्यांनी पालेभाजी सांगितली, पण पोर भाजीला शिवेना. एका दुपारी भरल्या पंगतीत रंगराव स्वयंपाकीण भिवराक्कावर कडाडले, "आज हिनं भाजी खाल्ली नाही, तर तू या घरातून चालती हो!"

बारा वर्षं भिवराक्का सरकारांच्या ताटातली न शिवलेली भाजी गुरांना घालत आली होती.

"सरकार," ती हळू म्हणाली, "तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय या घरात कुणी जेवायला लागत नाही. ताईसाहेब रीत पाळतात. भाजीचा तुमचा पहिला घास अजून व्हायचाय."

रंगरावांनी खाली मान घालून भाजीचा घास घेतला.

शेजारच्या ताटातला चिमुकला हात भाजीकडे वळला.