कणगीतला फोटोवाला

टक्.

एवढाच आवाज. फार वर्षांपूर्वी करंजमाळच्या सिदूनं तो आठवडी बाजारात ऐकला, आणि पुढं जन्मभर तो त्याच्या कानातून गेला नाही. नुकतं मिसरूड फुटलेला सिदू मेंढरं घेऊन बाजाराला आला होता. समोर तीन पायांवर एक काळी पेटी उभी होती. पेटीमागच्या फडक्यातून एक माणूस बाहेर आला, त्यानं पेटीच्या डोळ्यावरचं पितळी टोपण काढलं, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि टोपण परत बसवलं. टक्. तेवढा वेळ खुर्चीतल्या माणसानं श्वास रोखून धरला होता. सिदूनंही धरला होता.

त्या दिवशी मेंढरं एकटीच घरी परतली, असं म्हणतात.

सिदू त्या फोटोवाल्याकडेच राहिला. त्याचं पाणी भरलं, पेटी वाहिली, अंधाऱ्या खोलीत लाल कंदिलापाशी फोटो धुवायला शिकला. हळूहळू टोपण त्याच्या हातात आलं. फोटोवाल्याकडे एक काळा कोट होता आणि कारंजं रंगवलेला एक पडदा. कुंभार येवो, न्हावी येवो, कोट तोच, कारंजं तेच, हनुवटी वर आणि डोळे ताठ. सिदूही हुबेहूब तसेच फोटो काढायचा. कुठला फोटो कुणी काढला हे त्या दोघांनाही ओळखता यायचं नाही, आणि सिदूला त्याचाच मोठा अभिमान होता.

मग सिदूचा चुलता वारला. मागं बाजारात काढलेला त्याचा एक फोटो होता, तो सिदूनंच काढलेला. चुलती तायाक्का तो हातात घेऊन दारात उजेडाला बसली. बराच वेळ बघत राहिली.

"कोट झ्याक आलाय," ती म्हणाली. "कारंजंबी झ्याक आलंय. पर सिदबा, ह्यात आमचं माणूस कुठं हाय रं?"

सिदूनं वाकून फोटो पाहिला. चुलता घोंगडीशिवाय कधी कुणाला दिसला नव्हता, आणि फोटोत घोंगडी नव्हती. कुणाचं ऐकताना तो मान जरा डावीकडे टाकायचा. ती मान सिदूनंच आपल्या हातानं सरळ केली होती.

सिदूनं गुरूच्या पाया पडून निरोप घेतला. कोट खुंटीलाच राहिला.

करंजमाळच्या जयवंतराव पाटलांनी तेव्हा हौसेनं एक पेटी आणवली होती. ती चालवणारं गावात कुणी नव्हतं. पाटलांनी सिदूला बोलावून घेतलं. म्हणाले, "पेटी माझी, हात तुझा. मी सांगीन तो फोटो निघाला पाहिजे. बाकीच्या वेळेला तुला काय काढायचं ते काढ."

सिदू पेटी खांद्यावर घेऊन रानोमाळ हिंडायचा आणि पुष्कळदा नुसता बघून परत यायचा. लोक हसायचे. पण सकाळचा उजेड दारातून आला की चेहऱ्याची एकच बाजू बोलते, दुपारचं ऊन डोळ्यांच्या खाचा करतं, आणि सांजेला म्हातारं माणूससुद्धा घडीभर तरणं दिसतं, हे तो असं बघूनच शिकला. कितीतरी फोटो बिघडले. बिघडलेले तो टाकायचा नाही. भिंतीला टेकवून त्यांच्यासमोर बसायचा, रुसलेल्या पोरांची समजूत काढायला बसावं तसा.

मग बिरोबाची जत्रा आली. पाटलांनी अख्खं गाव देवळापुढं बसवलं आणि मध्ये स्वतःची खुर्ची मांडली.

"सगळ्यांनी माना खाली घाला," पाटील म्हणाले.

सिदू म्हणाला, "माना खाली घातल्या तर फोटोत नुसती पागोटी येतील, पाटील."

"येऊ देत. तोंड एकच यायला पाहिजे."

गावानं माना खाली घातल्या. सिदू फडक्यात शिरला. आत त्यानं काय बघितलं, कुणास ठाऊक. बाहेर आला, टोपणाला हात घातला, आणि देवळाचा कळस हलेल अशा आवाजात ओरडला, "वर बघा!"

सगळं गाव वर बघायला लागलं. टक्.

तो फोटो कुणी पाहिला नाही. पाटलांनी फोटो उतरलेली काच दगडावर आपटली, पेटी उचलून नेली आणि चावडीवर सांगितलं, "ह्या गावात सिदूच्या हातनं पुन्हा टक् व्हायचं नाही."

पाटलांचा शब्द खरा झाला. टक् पुन्हा झालंच नाही.

सिदू दार लावून घरात पडून राहिला. बाहेर ऊन रणरणत होतं. भिंतीच्या पोपड्यात बाभळीच्या काट्याएवढं भोक होतं, त्यातून उजेडाची एक काडी आत आली होती. सिदूनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि उठून बसला. भिंतीवर रस्ता होता. उलटा. आढ्याकडून मेंढरं चालली होती, पाय वर करून. त्यांच्यामागनं लुगड्याचा ओचा वर आणि डोकं खाली अशी एक बाई येत होती. मग दाराची कडी वाजली. तायाक्का भाकरी घेऊन आली होती.

"हसायला काय झालं?"

"अक्का, तू आत्ता उलटी चालत आलीस."

"तुझं डोसकं उलटं झालंय. खा आधी."

पण तिनंही डोळा बारीक करून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझी कणगी रिकामी हाय. एकलीच्या पोटाचं धान्य मडक्यात मावतंय. घिऊन जा."

धान्याची ती पुरुषभर उंचीची कणगी सिदूनं शेणामातीनं पुन्हा लिंपली, आतून तव्याची काजळी फासली आणि बाभळीच्या काट्यानं तिला एक भोक पाडलं. वरून आत उतरायचं, झाकण ओढून घ्यायचं, फोटोचा मसाला लावलेला कागद लावायचा, भोकावरचा अंगठा काढायचा आणि वाट बघायची. अंगठाच टोपण. आवाज नाही. फोटो घ्यायला एखादं म्हातारं चिलीम भरून, ओढून, झटकून टाकील एवढा वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही. म्हणून सिदू सांगायचा, रोज ज्याला टेकता त्याला टेका. कुणी काठीला टेकलं, कुणी जात्याला, कुणी बैलाला. पहिल्यांदा सगळे फोटोसारखं तोंड करायचे. पण तसं तोंड किती वेळ धरणार? थोड्या वेळानं माणूस दमायचं, फोटो विसरायचं, आणि मग त्याचं स्वतःचं तोंड परत यायचं. सिदू त्याचीच वाट बघत आत बसलेला असायचा. जे हलतं ते फोटोतून विरून जातं आणि थांबतं तेवढंच उरतं, हेही त्याला कणगीनंच शिकवलं.

आता दहा फोटोंत सिदूचा फोटो आंधळ्याला कळेल, असं लोक म्हणू लागले. लांबून लांबून माणसं यायची. घराघरांत भिंतीवर बिनकोटाची माणसं दिसायला लागली. आणि एक धनगर तर शपथेवर सांगायचा की बायकोच्या फोटोजवळ गेलं की चुलीचा वास येतो.

पुढच्या जत्रेला सिदूनं कणगी देवळापुढं आणली. गाव गोळा झालं. एवढ्यात पाटील आले, मागं गडी खुर्ची घेऊन.

"गावाचा फोटो, आणि पाटील नाही?" खुर्ची मधोमध ठेवून ते बसले. खिशातनं काडेपेटी काढून मांडीवर ठेवली. "नीट नाही आला, तर कणगीला काडी लावीन. तू आत असतानाच."

"बसा पाटील," सिदू आत उतरत म्हणाला. "पण हलायचं नाही. जो थांबला तो आला."

आणि त्यानं अंगठा काढला.

पाटील बसले. टक् झालं नाही. पाटलांना वाटलं, अजून सुरूच झालं नाही. त्यांनी मागं वळून पाहिलं, तर सगळं गाव मान वर करून सरळ समोर बघत होतं. "माना खाली!" पाटील ओरडले. कुणी हललं नाही. पाटील उठले, या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. "खाली घाल म्हणतो ना! ए तायाक्का!" तायाक्का काठीला टेकून दगडासारखी बसली होती. पापणीसुद्धा लवली नाही, असं म्हणतात.

कणगीतून आवाज आला, "हलू नका, पाटील."

आत, अंधारात, कागदावर पाटील डोकं खाली करून इकडून तिकडं धावत होते.

फोटो देवळाच्या अंधाऱ्या कोठीत धुतला आणि उलट्याचा सुलटा करून बाहेर आणला. त्यात सगळं गाव होतं. एकूण एक चेहरा, एकूण एक डोळा, सरळ समोर बघणारा. मधोमध खुर्ची होती. खुर्ची रिकामी होती.

पाटलांच्या हातात काडेपेटी होती. त्यांनी फोटो पाहिला, मग गावाकडे पाहिलं. गाव अजून फोटोतल्यासारखंच बघत होतं. काडी काही ओढली गेली नाही.

सिदू पुढं खूप म्हातारा झाला. एका दुपारी कणगीत उतरला तो वर आलाच नाही. लोकांनी वाकून पाहिलं, तर आत कुणी नव्हतं. काळ्या भिंतीवर तेवढं बिरोबाचं देऊळ उलटं उभं होतं, लख्ख उजेडाचं. असं म्हणतात.

करंजमाळला अजून दर जत्रेला कणगी नव्यानं लिंपतात आणि सगळं गाव देवळापुढं बसतं. अंगावर कामाचे कपडे, टेकायला ज्याचं त्याला. कुणी "हसा" म्हणत नाही. तायाक्काच्या घरातली कुणीतरी बाई उठते आणि "वर बघा" म्हणते, एवढंच. आणि मधोमध एक खुर्ची ठेवतात, रिकामी.

मागं एका जत्रेला एक मोठे पुढारी आले. गाडीतून उतरले, पांढरेशुभ्र, आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले. कुणी अडवलं नाही. कुणी काही सांगितलंही नाही. ती बाई उठली आणि "वर बघा" म्हणाली. पुढाऱ्यांनी वर पाहिलं. समोर चावडीच्या भिंतीवर सिदूचा तो जुना फोटो होता. ते बराच वेळ त्या फोटोतल्या खुर्चीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या बुडाखालच्या खुर्चीकडे. सगळं गाव थांबलं होतं.

ते उठले, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, आणि चालते झाले.