डावीची उंची

वस्तू एकमेकींशी बोलत आणि माणसांना त्याचा पत्ता नसे, तेव्हाची गोष्ट. विमान उडवायच्या एका रिमोटवर दोन दांड्या होत्या. उजवी विमान वळवायची, डावी त्याच्या पंख्याचा जोर वाढवायची. विमानाच्या मालकीण इंदुताई. त्यांचे अंगठे आखूड आणि दांड्या उंच, त्यामुळे हात सारखा अवघडायचा.

एकदा दांड्यांची उंची कमी करायला त्या टोकांवरच्या आट्यांच्या टोप्या फिरवून खाली बसवू लागल्या. उजवीची टोपी मुकाट्याने खाली आली. डावीने मात्र आटे घट्ट आवळून धरले.

"अगं, सोड की!" उजवी म्हणाली.

"मी का म्हणून ठेंगणी होऊ? बाईंनी अंगठा ताणावा."

"जाम झालीय वाटतं. राहू दे," म्हणत इंदुताईंनी तसंच विमान उडवलं.

माळावर अचानक वारा फिरला. विमान विजेच्या तारांकडे ओढलं जाऊ लागलं. उजवीने त्याचं तोंड वळवलं, पण जोर पुरेना.

"डावे, जोर दे गं!" वरून विमान ओरडलं.

इंदुताईंचा अंगठा डाव्या दांडीकडे झेपावला आणि टोकावरून घसरला. पुन्हा घसरला. डावीला आपणहून तसूभरही हलता येत नव्हतं.

"अंगठ्या, पोच ना रे!" ती कळवळली.

तारांवर ठिणगी उडाली. विमान जळत खाली आलं.

संध्याकाळी इंदुताईंनी सहज डावीच्या टोपीला बोट लावलं. ती लगेच फिरली आणि हवी तेवढी खाली बसली. त्यांनी अंगठा ठेवून पाहिला. अगदी नेमका बसला.

डावी पुढे गेली, मागे आली. वर आभाळात काहीच हललं नाही.